मालक समक्ष पाहिजे

संपादकांचे पत्र आले. यंदाचा दिवाळी अंक ‘खरे स्वातंत्र्य’ या विषयावर आहे. तीसच्या सालच्या धामधुमीत मी सोलापुरात होतो आणि बंदिवासाशी माझा जवळचा संबंध होता, असे कोणीतरी त्यांना सांगितले आहे. तेव्हा माझे अनुभव त्यांना हवे आहेत. सांगणाऱ्याने खोटे सांगितलेले नाही, पण संपादकांची थोडी गैरसमजूत झालेली दिसते. मी तुरुंगात गेलो नव्हतो. मी तो चालवीत होतो. माझे कैदी चार पायांचे होते.

मी कोंडवाड्याचा कारकून होतो. गाव मला ‘कोंडवाडे अण्णा’ म्हणे. माझे आडनाव निराळे आहे, पण ते पेन्शनीच्या कागदाबाहेर कोणी वापरल्याचे आठवत नाही.

कोंडवाडा म्हणजे काय हे हल्लीच्या मुलांना सांगावे लागते. मोकाट जनावर कुणाच्या शेतात, बागेत, दुकानात शिरले की ते धरून आणायचे आणि आत घालायचे. त्याला कडबा-पाणी द्यायचे. मालक आला की दंड आणि चाऱ्याचा खर्च घेऊन जनावर सोडायचे. मुदतीत कोणी आले नाही तर गावात दवंडी पिटायची आणि लिलाव करायचा. चार भिंती, एक लाकडी फाटक, मध्ये दगडी हौद आणि फाटकाशेजारच्या पडवीत माझे टेबल. टेबलावरच्या भिंतीला एक पाटी होती : ‘मालक समक्ष आल्याशिवाय जनावर सोडले जाणार नाही.’ जनावर मालकाचे, पण कोंडवाड्यात पडलेले शेण कचेरीचे, असाही नियम होता. त्यावर एका गृहस्थांनी माझ्याशी हुज्जत घातली होती. त्यांची गाय आमचा कडबा खाण्याआधी घरी खाऊन आली होती, तेव्हा पहिल्या दिवसाचे शेण त्यांच्या घरच्या वैरणीचे होते, असे त्यांचे म्हणणे होते. विचार करता ते बरोबर होते. मी त्यांना एक पाटी भरून शेण दिले.

जनावरे धरून आणण्याचे काम बाबूलाल शिपायाचे. घरी तो दखनी बोले, माझ्याशी मराठी आणि जनावरांशी दोन्ही. माझे काम म्हणजे टेबलामागे बसून एकच प्रश्न विचारणे : मालक कोण? सारी नोकरी मी हा प्रश्न विचारला. वरवर सोपा वाटतो. पण त्याचे सरळ उत्तर फार थोड्या लोकांनी दिले. एकदा एक जण गाढव न्यायला आला. दंड किती आणि चाऱ्याचा खर्च किती, हे मी सांगताच तो म्हणाला, “ह्ये माजं न्हाय.” तेवढ्यात गाढवाने त्याच्याकडे पाहून गळा काढला. मी म्हटले, “ते तर तुला ओळखतंय.” तो म्हणाला, “त्ये समद्यास्नीच बघून वरडतंय,” आणि निघून गेला. पुढे लिलावात ते गाढव त्यानेच घेतले. त्याला ते स्वस्त पडले.

आणखी एक गोष्ट बाहेरच्या माणसाला खरी वाटत नाही. कोंडवाड्याचे फाटक उघडले की जनावरे धूम ठोकत असतील, असा लोकांचा समज असतो. तसे कधी होत नाही. पहिल्या दिवशी जनावर फाटकाला शिंगे लावते. नंतर कडब्याकडे बघायला लागते. आणखी एक-दोन दिवसांनी हौदाजवळची एक जागा आपली म्हणून धरते आणि तिथे दुसऱ्या जनावराला येऊ देत नाही. मग फाटक सताड उघडून दिले तरी ते रवंथ करीत उभे असते आणि बाबूलालला मागून ढकलावे लागते. सुरुवातीला मला याचे हसू येई. पुढे येईनासे झाले.

आता तीसचे साल. त्या वर्षी गावात लष्करी कायदा होता. सांज झाली की माणसाने घराबाहेर पडायचे नाही, पांढरी टोपी घालायची नाही, चौघांनी एकत्र उभे राहायचे नाही. गुराखीही घरात बसल्यामुळे माणसे आत आणि जनावरे बाहेर असा उलटा प्रकार झाला. एके दिवशी सकाळी दोन गोरे सोल्जर आणि त्यांच्याबरोबर आपल्याकडचा एक पोलीस, असे सिद्धेश्वराला सोडलेल्या वळूला घेऊन आले. म्हणजे वळू पुढे त्याच्या मनाने चालला होता आणि हे तिघे मागे होते. मनाईच्या वेळी तो रस्त्यात हिंडताना सापडला, अशी तक्रार होती.

मी विचारले, “मालक कोण?”

पोलीस म्हणाला, “अण्णा, तुमाला ठाव न्हाय का? देवाला सोडलेला हाय.”

त्याने ते सोल्जरांना कसेबसे समजावले. त्यांनी आपसांत काही बोलून फर्मावले की मालकाला बोलवा. माझ्या नोंदीत ‘मालक’ आणि ‘मालक समक्ष हजर आहे काय’ असे दोन रकाने होते. पहिल्यात मी ‘श्री सिद्धेश्वर’ लिहिले. दुसऱ्यात ‘सर्वत्र’ लिहिले. सोल्जरांचे समाधान झाले. दुपारी कोंडवाड्याच्या भिंतीचा एक ढासळलेला कोपरा ओलांडून वळू निघून गेला. घरोघरच्या खिडक्यांतून लोकांनी त्याला हात जोडले. देवाला सोडलेला वळू बागवानाच्या टोपलीत तोंड घालतो आणि बागवान उलट त्याच्या पाठीवरून हात फिरवतो, हे आपण सगळे बघतोच. त्या दिवसांत सोलापुरात मनाला येईल तसा हिंडणारा तेवढा एकच होता.

लष्करी कायदा उठला. त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात आमच्या गावचे एक वकीलसाहेब एक म्हैस घेऊन कोंडवाड्यावर आले. ते नुकतेच तुरुंगातून सुटून आले होते. त्यांची भाषणे मी चौकात लांब उभा राहून ऐकलेली होती. सरकारी नोकराला लांबच उभे राहावे लागे. ‘आमच्या घराचे मालक आम्ही’ हे त्यांचे ठरलेले वाक्य होते आणि त्यावर टाळ्या पडत. म्हशीने त्यांच्या अंगणातला मोगरा खाल्ला होता आणि दोरीवर वाळत घातलेले खादीचे धोतर अर्धे चावले होते.

“सूत मी स्वतः कातलं होतं. तुरुंगात,” ते म्हणाले.

मी दुःख व्यक्त केले. म्हैस काळीभोर होती, कपाळावर पांढरा चांद, कासेला भरलेली. बाबूलालने तिला आत घातले. वकीलसाहेब नुकसानीचा अर्ज कसा करायचा ते मला विचारत होते, तेवढ्यात एक बाई धापा टाकत आली. वय तिशीच्या आतबाहेर, हातात काठी, कमरेवर चरवी. तिचे नाव रखमा. वैरागकडची होती, आणि गिरणीच्या चाळींतून दूध घालत असे. हे सगळे मला नंतर कळले. तेव्हा मला एवढेच दिसले की ती फाटकाच्या फळ्यांतून म्हशीकडे बघते आहे आणि डोळ्यांतले पाणी आवरते आहे.

मी माझा प्रश्न विचारला. “मालक कोण?”

“न्हाय.”

“नाही म्हणजे?”

“मालक न्हाय. मालकानं सोडलंय.”

“देवाला?”

“देवाला कशानं सोडतंय? बापाच्या दारात आनून सोडलं आन गेला.”

“मग बाप कुठे आहे?”

“त्यो बी गेला वर.”

वकीलसाहेबांनी सहानुभूतीने विचारले, “पण सोडलं कशासाठी?”

“पोर हुईना म्हून.”

मी म्हशीकडे पाहिले. कासेतून दूध गळायला आले होते. खेड्यातल्या माणसांनाही हल्ली जनावरातले कळेनासे झाले आहे, असे मनाशी म्हणून मी लिहिले : ‘मालक नाही. सोडलेली.’ सोलापूर भागात बायका नवऱ्याला मालक म्हणतात, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. माझी स्वतःची बायको शेजारणींशी बोलताना मला ‘आमचे मालक’ म्हणत असे. पण कचेरीत बसले की माणसाला घरातले शब्द कचेरीच्या अर्थानेच ऐकू येतात.

“पिळून घिऊ का?” बाईने विचारले. “तुंबलीया. तशीच ऱ्हायली तर कासंला गाठी हुतील.”

शेणाबद्दल नियम होता, दुधाबद्दल नव्हता. मी म्हटले, “घे.” ती आत जाऊन बसली. धार काढताना तिने हलक्या आवाजात काहीतरी गुणगुणायला सुरुवात केली आणि म्हैस पान्हावली. मला त्या बाईचे कौतुक वाटले. कुणाची कोण म्हैस, पण जीव तुटतो बिचारीचा.

तिची समजूत अशी झाली होती की नोंद झाली, आता दूध विकून दंडाची सोय केली की म्हैस सुटेल. माझी समजूत वर सांगितली तशी. दोन्ही समजुती सुखाने नांदत होत्या. ती दोन्ही वेळा येई, धार काढी आणि जाई. बाबूलालने एकदा मला बाजूला घेऊन विचारले, “सायेब, बाई रोज येती, दूध काढती, जाती. कचेरीनं ठेवलीया का?” मी म्हटले, “नाही, तिची मर्जी.” तो म्हणाला, “असं हाय का,” आणि त्यानंतर तो तिला बसायला पाट देऊ लागला.

मुदत संपत आली तशी दवंडी निघाली. हलगी वाजवत दवंडीवाला बाजारातून ओरडत गेला : ऐका हो, काळी म्हैस, कपाळावर चांद, मालक नाही, कोंडवाड्यात लिलाव हाय हो!

दुपारी रखमा कोंडवाड्यात शिरली ती पदर खोचूनच.

“माज्या म्हशीला बेवारशी कोन म्हनलं?”

“तूच म्हणालीस. मालक नाही, सोडलेली आहे.”

“आवं, ती मी!” ती ओरडली. “सोडलेली मी हाय! म्हस माजी हाय! गिरनीत बाबीन भरून भरून पारडी घेतली, पोरावानी वाडवली! मला वाटलं तुमी मला इचारताय!”

त्या क्षणी दुधाचा, मुलाचा आणि बापाच्या दाराचा असा सगळा मेळ माझ्या डोक्यात एकदम बसला. बाबूलाल दोन पावले मागे सरकून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. मी नोंद दुरुस्त करायला लेखणी उचलली, आणि तिथेच हे प्रकरण मिटायचे. पण दवंडी बाजारात फिरली होती, आणि त्या दिवशी वैरागच्या गाड्या अडतीवर आल्या होत्या. कपाळावर चांद असलेली म्हैस कुणाची, हे त्यांतल्या एकाला ठाऊक होते.

मी लेखणी टेकवण्याआधीच तो फाटकात आला. डोक्याला स्वच्छ फेटा, बोलणे अगदी मऊ. नाव धोंडिबा. मागे पाचपंचवीस बघे. वकीलसाहेबही आले होते, कारण लिलावाच्या पैशांतून धोतराची भरपाई मिळावी असा त्यांचा अर्ज होता.

“राम राम,” धोंडिबा म्हणाला. “मी हिचा मालक.”

एकदा पोळल्यामुळे मी सावध होतो. “हिचा म्हणजे कुणाचा?”

“दोगींचाबी.”

लोक हसले. रखमा हसली नाही. तिचा चेहरा उतरला, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. म्हैस गेली तर या बाईचे दूध गेले, दूध गेले तर चाळीतली खोली गेली, आणि मग तिला जायला हाच एक माणूस उरत होता. त्याला ते बरोबर माहीत होते. तो म्हैस न्यायला आलाच नव्हता. त्याने दुसरी बायको केली होती, तरी घरात राबायला माणूस कमी पडत होते, हे मला पुढे कळले. दाव्याला धरून म्हैस नेली की बाई आपोआप मागे येते, असा त्याचा हिशेब होता.

आमच्याकडे अशा वेळी खुणा विचारण्याची पद्धत होती. दोन दावेदार आले की दोघांना फाटकाबाहेर, जनावर दिसणार नाही असे उभे करायचे आणि खूण विचारायची. धोंडिबाने दवंडीतला चांद सांगितला. रखमाने उजव्या कानाची चीर सांगितली, शेपटीच्या गोंड्यातले पांढरे केस सांगितले, धार काढताना काय म्हणावे लागते तेही सांगितले. मला वाटले, झाले.

धोंडिबा म्हणाला, “म्हस तिचीच हाय की. मी कुटं न्हाय म्हनतो? पर ती माजी हाय. मग म्हस कुनाची?”

बघ्यांनी माना डोलावल्या. मी वकीलसाहेबांकडे पाहिले. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

“प्रश्न गुंतागुंतीचा आहे,” ते म्हणाले. “रीतसर सोडचिठ्ठी झाली आहे का? नाही. तेव्हा नवऱ्याचा संबंध सुटला असं एकदम म्हणता यायचं नाही. कायदा बघावा लागेल. वेळ लागेल.”

“मला सोडलंस का न्हाय?” रखमा धोंडिबाकडे वळून म्हणाली. “गावादेखत सांग.”

“सोडलं हुतं की. कोन न्हाय म्हनतंय.”

“मग सोडलेल्याला मालक असतोय व्हय?” आता ती माझ्याशी बोलत होती. “अण्णा, त्यो देवाचा वळू हितंच आनला हुता न्हवं? त्येला न्ह्यायला आलं हुतं का कोन? त्यो सोडलेला म्हून समदी पाया पडत्यात. खाऊ दे म्हनत्यात. मी सोडलेली म्हून मला खोली मिळंना झाली हुती. दूध घ्यायच्या आदी इचारत्यात, मालक कुटं हाय? मी काय कमी सोडलेली हाय व्हय?”

हसणाऱ्यांनीही माना खाली घातल्या. वळूच्या वेळी मीच ‘सर्वत्र’ लिहून मोकळा झालो होतो आणि त्या विनोदावर महिनाभर खूश होतो. त्या बाईपुढे मला तो विनोद आठवून लाज वाटली. पण कारकुनाला वाईट वाटून भागत नाही, त्याला निर्णय द्यावा लागतो. मी नियम आठवू लागलो, आणि मला ते गाढव आठवले.

“धोंडिबा,” मी म्हटले, “तुम्ही मालक म्हणता तर माझी ना नाही. नियम सगळ्यांना सारखा. ज्या दिवशी जनावर मोकाट सोडलं त्या दिवसापासूनचा चारापाण्याचा खर्च मालकाकडून घ्यायचा असतो. दंड वेगळा. म्हशीचा हिशेब मी इथे करतोच. आता दुसरीचा सांगा. बापाच्या दारात कधी सोडलं? तेव्हापासूनची भाकरी, लुगडं, खोलीचं भाडं. शिवाय म्हशीनं धोतर खाल्लं आहे, त्याची भरपाई मालकावर. वकीलसाहेब आहेतच.”

“दोगींचाबी?” धोंडिबा म्हणाला.

“मालक दोघींचे तुम्हीच म्हणालात.”

असा नियम म्हशीपुरताही अर्धाच खरा होता. दुसऱ्या अर्ध्याला तर कोणत्याही कागदाचा आधार नव्हता. पण मी ते सगळे पाटीवरचा मजकूर वाचावा तशा आवाजात बोललो, आणि बाबूलालने मागून “व्हय, नेमच हाय,” अशी जोड दिली. वकीलसाहेबांनी तोंड उघडले, धोतराचा उल्लेख आठवून बंद केले.

धोंडिबाने फेटा काढून झटकला आणि पुन्हा घातला.

“मी कुटं म्हनलं माजी हाय?” तो म्हणाला.

“कोण? म्हैस की बाई?”

“कोनच न्हाय,” असे म्हणून तो गाडीकडे चालू लागला. गाढव असते तर त्याच्याकडे बघून ओरडले असते.

रखमाने दंड आणि चाऱ्याचा खर्च कनवटीचा काढून दिला. दूध विकून तिने तो जमवला होता, आमच्याच कोंडवाड्यात काढलेले. मी नवी नोंद करायला घेतली. खूश होतो, म्हणून जरा उदारपणाने म्हणालो, “‘मालक’ खोडून ‘मालकीण’ करतो.”

“नगं,” ती म्हणाली. “मालक ल्ह्या.”

वकीलसाहेबांनी समजावले, “बाई, व्याकरणानं मालकीणच बरोबर आहे. स्त्रीलिंग.”

“मालकीन म्हंजी मालकाची बायकू,” रखमा म्हणाली. “तुमच्या घरात बाईसायेब हायत, त्यास्नी समदी मालकीनबाईच म्हनत्यात. घर कुनाच्या नावावर हाय?”

वकीलसाहेबांनी पुन्हा चष्मा पुसला. ते जायला निघाले तेव्हा मी त्यांना नुकसानीच्या अर्जाची आठवण दिली. ते म्हणाले, “राहू द्या.” घरी गेल्यावर काय झाले मला माहीत नाही, पण पुढच्या सभेत ‘आमच्या घराचे मालक आम्ही’ हे वाक्य त्यांनी जरा भरभर म्हटल्यासारखे मला वाटले.

मी लिहिले : ‘मालक – रखमा. समक्ष.’ तिने अंगठा केला. लिहून झाल्यावर माझी एक अडचण झाली. मालकांना मी नेहमी अहोजाहो करीत असे. नियम नव्हता, सवय होती. तासाभरापूर्वीपर्यंत या बाईला मी ‘तू’ म्हणत होतो.

“या,” मी म्हटले. “घेऊन जा तुमची म्हैस.”

बाबूलालने फाटक उघडले. म्हैस हौदाजवळच्या आपल्या जागेवर रवंथ करीत उभी राहिली. एवढी भवती न भवती तिच्यावरून झाली होती आणि तिला बाहेर यायची मुळीच घाई नव्हती. बाबूलाल ढकलायला पुढे झाला तेव्हा रखमाने त्याला हाताने थांबवले आणि ते धारेच्या वेळचे गुणगुणणे सुरू केले. म्हशीने कान हलवले, आणि चालत बाहेर आली.

त्या दिवशी घरी जाऊन मी बायकोला म्हटले, “यापुढे मला मालक म्हणू नकोस.” ती म्हणाली, “मग काय म्हणू?” मी पुष्कळ विचार केला. मला काही सुचले नाही, म्हणून तिने पूर्वीचेच चालू ठेवले. याचे मला अजून वाईट वाटते.

पुढे ते दशक सरत आले तेव्हाची गोष्ट. रखमाबाईंचा आता गोठा झाला होता. म्हशी वाढल्या होत्या. दूध पूर्वीपेक्षा पातळ झाले होते, पण ते मी त्यांना कधी बोललो नाही. मधल्या काळात धोंडिबाची दशा फिरली. दुसऱ्या बायकोच्या भावांनी त्याला शेतातून आणि घरातून काढले होते. तो चालत सोलापूरला आला आणि गोठ्याच्या दाराशी बसून राहिला. रखमाबाईंनी त्याला वैरण आणायचे, शेण काढायचे काम दिले. जेवण आणि रोजची मजुरी. झोपायला गोठ्याची पडवी. चाळीतल्या बायका म्हणू लागल्या, रखमाचा मालक परत आला. हा शब्द चाळीत फिरतो आहे हे त्यांच्या कानावर गेले, तेव्हा त्या चाळीत जाऊन प्रत्येकीला सांगून आल्या की तो गडी आहे.

एका सकाळी त्यांची एक म्हैस पुन्हा माझ्याकडे आली. यावेळी कुणाचे तरी पापड खाल्ले होते. थोड्या वेळाने धोंडिबा हातात दावे घेऊन आला. फेटा नव्हता, डोक्याला पंचा होता.

सवयीने मी विचारले, “मालक कोण?”

“रखमाबाई,” तो खाली बघत म्हणाला.

“समक्ष पाहिजेत.”

“मालक धारंला बसल्यात. मला पाटिवलंय.”

त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती, रागही नव्हता. नियम म्हणजे नियम, म्हणून मी त्याला परत पाठवले. घटकाभराने रखमाबाई आल्या, मागे दावे घेऊन तो. त्यांनी दंड भरला, अंगठा केला. मला राहवले नाही.

“अखेर तुम्हीच दोघांच्या मालक झालात की,” मी म्हटले.

त्या हसतील असे मला वाटले होते. त्या अंगठ्याची शाई पदराच्या टोकाला पुसत राहिल्या.

“न्हाय वो अण्णा,” त्या म्हणाल्या. “म्हशीची मी. माजी मी. त्येचा त्यो.”

धोंडिबा ऐकत होता.

“त्याला ठेवून तर घेतलंत.”

“ठिवलं न्हाय. ऱ्हायलाय. दार उगडं हाय, दावं म्हशीला हाय.”

“आणि गेला तर?”

“जाईल की.”

संपादकांच्या विषयाबद्दल मला जे काही कळले आहे ते या दोन शब्दांत आहे. चौकातल्या भाषणांत ते मी ऐकले नव्हते. आपण सुटावे असे म्हणणारे पुष्कळ भेटले, मीही त्यांतलाच. आपल्या हाताखाली आलेल्याबद्दल ‘जाईल की’ असे इतक्या सहज म्हणणारे माणूस मला सबंध नोकरीत दुसरे भेटले नाही. तेही कोणाबद्दल, तर ज्याने आपल्याला दारात टाकून दिले त्याच्याबद्दल.

बाबूलालने फाटक उघडले. रखमाबाई आत गेल्या, मागोमाग धोंडिबा गेला. त्या गुणगुणल्या तशी म्हैस पुढे आली. धोंडिबाच्या हातातले दावे घेऊन त्यांनी म्हशीच्या गळ्यात घातले आणि तिला घेऊन गोठ्याच्या वाटेला लागल्या. मागे वळून पाहिले नाही, त्याला हाक मारली नाही.

तो कोंडवाड्याच्या आत, हौदाजवळ उभा राहिला होता. हात रिकामे. फाटक सताड उघडे. बाबूलाल सवयीने त्याला मागून रेटायला निघाला, तेव्हा मी त्याला खुणेने थांबवले. बराच वेळ गेला. मग धोंडिबाने डोक्याचा पंचा सारखा केला आणि आपल्या पायांनी फाटकाबाहेर पडला.

फाटकासमोर रस्त्याला दोन फाटे होते, एक गोठ्याकडे जाणारा आणि दुसरा गावाबाहेर. तो कोणत्या वाटेने गेला हे बाबूलाल मला सांगायला लागला. मी त्याला म्हटले, सांगू नकोस.